हाताचे बळ : अग्रबाहू व बोटांच्या स्नायूंचे व्यायाम

(सिनेगॉगच्या सभागृहात ज्येष्ठ मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आरोग्यावर बोलण्याची वेळ आली की हृदय, रक्तदाब, मधुमेह, गुडघे हे विषय आपोआप पुढे येतात. हाताविषयी मात्र कोणी विचारीत नाही. हात दुखला तर आपण तेल चोळतो आणि हातातले बळ कमी झाले तर ‘आता वय झाले’ असे म्हणून गप्प बसतो. ही गप्प बसण्याची सवय मला अधिक चिंतेची वाटते, कारण हातातले बळ ओसरू लागले की माणूस ते लपवू लागतो. चहाचा पेला कोणी पुढे केला तर ‘खालीच ठेवा’ म्हणतो. बरणीचे झाकण उघडत नाही म्हणून लोणचे नको म्हणतो. सेफेर तोरा हेखालातून काढून तेवाकडे नेण्याचा मान मिळाला तर ‘यंदा दुसऱ्याला द्या’ असे नम्रपणे सुचवतो. ऐकणाऱ्याला तो विनय वाटतो, पण त्यामागे पुष्कळदा भीती असते. हातून निसटेल काय, ही ती भीती.

ही भीती बऱ्याच अंशी घालवता येते, आणि त्यासाठी व्यायामशाळा, महागडी यंत्रे किंवा तरुण वय यांपैकी कशाचीही गरज नाही. ते कसे साधायचे, एवढाच आजचा विषय आहे.

पूर्वी हे व्यायाम कोणी का केले नाहीत?

आपले पूर्वज कोकणात, अलिबाग-रेवदंड्याच्या परिसरात, तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. घाण्याला बैल जुंपलेला असला तरी तीळ-खोबरे भरणे, पेंड काढणे, डबे उचलणे ही कामे माणसाच्या हातांचीच होती. घरातल्या बायका जात्यावर दळीत, उखळात कांडीत, विहिरीचे पाणी शेंदीत, नऊवारी लुगडी दगडावर आपटून पिळीत. मलिद्यासाठी चार-पाच नारळ खोवायचे आणि रोश हशानाच्या चिकाच्या हलव्यासाठी जाड बुडाच्या पातेल्यात तासन्‌तास कलथा फिरवायचा, हीसुद्धा अग्रबाहूचीच मेहनत होती. इस्राएलला आल्यानंतर आपल्यातील पुष्कळांनी दिमोनाच्या कापड कारखान्यांत, शेतांत, स्वयंपाकघरांत आणि रुग्णालयांत हातांनीच पोट भरले.

आज कपडे यंत्र पिळते, वाटण मिक्सर करतो आणि खोवलेले खोबरे पिशवीत मिळते. हे सुख आपण कष्टाने मिळवले आहे, त्याबद्दल मला मुळीच खंत नाही. परंतु जे काम नकळत व्यायाम घडवीत होते ते गेले आणि त्याच्या जागी आपण काही ठेवले नाही. ती रिकामी जागा आता जाणीवपूर्वक भरून काढावी लागेल.

बोटांचे बळ कोठे राहते?

आता एक साधा प्रयोग करू. डाव्या हाताचा पंजा उजव्या हाताच्या कोपराखाली चार बोटे अंतरावर हलकेच ठेवा. उजव्या हाताची बोटे पेटी वाजवताना हलवतो तशी हलवा. डाव्या पंजाखाली काहीतरी सरकताना, फुगताना जाणवेल. ते बोटे हलवणारे स्नायू आहेत. हालचाल बोटांत दिसते, पण ती घडवणारी शक्ती कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात, म्हणजे अग्रबाहूत असते.

हाताच्या एका पंजात २७ हाडे असतात : मनगटाची ८, तळहाताची ५ आणि बोटांची १४. बोटांच्या पेरांत स्वतःचे म्हणण्यासारखे स्नायू जवळजवळ नसतात. अग्रबाहूतील स्नायूंपासून लांब, चिवट दोरे निघतात, त्यांना कंडरा म्हणतात. हे दोरे मनगटावरून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीचा खेळ आपण पाहिला असेल. सूत्रधार वर असतो आणि बाहुली खाली नाचते, तसाच हा प्रकार आहे. तळहाताच्या बाजूचे स्नायू बोटे मिटतात, तर पाठीकडच्या बाजूचे ती उघडतात. त्यांच्या जोडीला तळहातातच काही लहान स्नायू असतात. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा दिसतो तो त्यांचाच. सुईत दोरा ओवणे, शर्टाचे बटण लावणे, प्रार्थनापुस्तकाचे पान उलटणे ही नाजूक कामे त्यांच्यावाचून होत नाहीत.

मनगटाच्या पुढच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची नस अशा दहा गोष्टी दाटीवाटीने जातात. तेथे थोडीशी सूज आली तरी नस दबते आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊ लागते, विशेषतः रात्री. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता दुसरा प्रयोग. मनगट तळहाताच्या दिशेने पूर्ण वाकवा आणि तसेच वाकलेले ठेवून मूठ आवळण्याचा प्रयत्न करा. मूठ नीट मिटत नाही आणि तिच्यात जोरही येत नाही. आता मनगट सरळ करून किंचित मागे झुकवा आणि पुन्हा मूठ आवळा. फरक लगेच कळतो. मनगट पुढे वाकले की मिटणारे दोरे सैल पडतात आणि उघडणारे दोरे ताणले जातात, म्हणून पकड निसटते. यातून एक कायमचा नियम मिळतो : कोणतीही जड वस्तू उचलताना मनगट वाकवू नका. पातेले असो, किद्दुशचा प्याला असो किंवा नातवंडे असोत, मनगट सरळ ठेवले तर आहे त्याच बळात अधिक काम होते.

हाताची पकड आणि एकंदर प्रकृती

पकडीचे बळ एका छोट्या उपकरणाने किलोग्रॅममध्ये मोजता येते. युरोपातील वैद्यकतज्ज्ञांनी वार्धक्यातील स्नायूक्षयाच्या निदानासाठी जे निकष ठरवले आहेत, त्यांत पुरुषाची पकड २७ किलोपेक्षा आणि स्त्रीची १६ किलोपेक्षा कमी भरली तर ती चिंतेची खूण मानतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १७ देशांतील एका मोठ्या पाहणीत पकड दुर्बल असणे आणि अकाली मृत्यू यांचा संबंध स्पष्ट दिसून आला.

मात्र याचा अर्थ नीट समजून घ्या. रबरी चेंडू दाबल्याने आयुष्य वाढते, असे त्या पाहणीने सिद्ध केलेले नाही. पकड ही अंगातील सर्व स्नायूंच्या स्थितीची खिडकी आहे. मूठ ढिली पडली असेल तर पाय, पाठ आणि आहार यांच्याकडेही पाहिले पाहिजे, एवढा तिचा संदेश आहे. म्हणून आज सांगितलेले व्यायाम हे चालण्याला पर्याय नाहीत. रोजचे चालणे चालू राहू द्या आणि त्याला ही जोड द्या.

आरंभ करण्यापूर्वी

काही मंडळींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे व्यायाम सुरू करू नयेत. ज्यांचे हाड अलीकडे मोडले आहे, हातावर शस्त्रक्रिया झाली आहे, सांधे लाल, गरम व सुजलेले आहेत किंवा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी आधी सल्ला घ्यावा. मूत्रपिंडाच्या विकारामुळे रक्तशुद्धीकरणासाठी ज्यांच्या हातात शिरा जोडल्या आहेत त्यांना कधी चेंडू दाबण्याचा व्यायाम मुद्दाम दिला जातो, पण तो केव्हा व किती हे उपचार करणाऱ्यांनीच ठरवायचे असते.

ज्यांची अंगठ्याकडची बोटे रात्री बधिर होतात, त्यांनी चेंडू दाबणे टाळावे. त्या अरुंद बोगद्यातील दाटी त्यामुळे वाढू शकते. ज्यांचे बोट वाकल्यावर अडकते आणि खटकन सुटते, त्यांनीही जोराची पकड टाळावी. हा त्रास मधुमेहात अधिक आढळतो. मधुमेही मंडळींनी घरी एक परीक्षा करावी : दोन्ही तळहात नमस्कारासारखे जोडावेत. बोटे आणि तळवे पूर्ण टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर हाताचे सांधे आखडू लागले आहेत असे समजावे आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो हात दाखवावा.

एक इशारा सर्वांसाठी आहे. हात हळूहळू दुर्बल होणे निराळे आणि एकाएकी लुळा पडणे निराळे. एका बाजूचा हात अचानक गळला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर व्यायाम, तेल, विश्रांती यांत एक मिनिटही घालवू नका. तत्क्षणी १०१ ला दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवा. तो शब्बाथ असला तरी बोलवा. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवणे ही धर्माचीच आज्ञा आहे.

व्यायाम

प्रथम हात तीन ते पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत. ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पाणी कोपराने तपासावे. मग खुर्चीत ताठ बसावे, पाय जमिनीला टेकलेले असावेत. सर्व व्यायामांत मोठ्याने आकडे मोजावेत. याचे कारण असे की जोर लावताना श्वास कोंडला तर रक्तदाब चढतो. तोंडाने आकडे चालू असले की श्वास कोंडत नाही.

१. पाच मुद्रा. पंजा समोर धरा. पहिली मुद्रा : सर्व बोटे सरळ. दुसरी : बोटांची मुळे सरळ ठेवून फक्त वरची पेरे आकड्यासारखी वाकवा. तिसरी : पूर्ण मूठ. चौथी : बोटे सरळच ठेवून मुळाशी काटकोनात वाकवा, जणू छपराची वळचण. पाचवी : बोटांची टोके तळहाताच्या बुडाशी टेकवा, पण शेवटची पेरे सरळ राहू द्या. प्रत्येक मुद्रा तीन आकडे टिकवा आणि पाच फेऱ्या करा. याने कंडरा आपापल्या मार्गातून मोकळ्या सरकतात. हा व्यायाम जोराचा नसल्यामुळे रोज करता येतो.

२. दाबणे. मऊ चेंडू, स्पंज किंवा मोज्यांची गुंडाळलेली जोडी तळहातात घ्या. हळूहळू दाबा, पाच आकडे धरा आणि हळूहळू सोडा. दहा वेळा करून हात बदला. कडक चेंडू घेण्यात पुरुषार्थ नाही. जो चेंडू निम्म्यापर्यंत दबतो तोच आपल्यासाठी योग्य.

३. उघडणे. पाचही बोटांची टोके एकत्र आणून त्यांच्याभोवती भाजीच्या जुडीला असते तसे रबर घाला आणि बोटे फुलासारखी उघडा. दोन आकडे थांबा, मिटा. दहा वेळा. हा व्यायाम लोक गाळतात आणि तिथेच चूक होते. दिवसभर आपण वस्तू धरतो, म्हणजे मिटणारे स्नायू काम करीतच असतात. उघडणारे स्नायू मागे पडतात आणि दोन्ही बाजूंचा तोल बिघडतो.

४. बाटली वर-खाली. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आधी निम्मी भरा. तिचे वजन साधारण पाव किलो होईल. अग्रबाहू मेजावर टेकवून पंजा कडेबाहेर ठेवा. तळहात वर करून बाटली धरा आणि फक्त मनगट वर उचला. वर नेताना दोन आकडे, खाली आणताना चार. दहा वेळा झाले की तळहात खाली करून तसेच दहा वेळा. खाली आणण्याची गती मंद ठेवण्यावर माझा विशेष भर आहे, कारण भार सावकाश उतरवतानाही स्नायू बळकट होत असतो. बाटलीचा मोठा गुण असा की वजन वाढवायचे असेल तेव्हा एक पेलाभर पाणी अधिक ओतले की झाले.

५. डाव फिरवणे. कोपर कमरेजवळ काटकोनात ठेवा. आमटीचा लांब डाव दांड्याच्या टोकाशी, उभा धरा. तो सावकाश आतल्या बाजूला आडवा करा, पुन्हा उभा आणि मग बाहेरच्या बाजूला आडवा. दहा वेळा. जड वाटल्यास डाव मध्यावर धरा. किल्ली फिरवणे, दाराची मूठ फिरवणे, बरणी उघडणे या हालचालींचे बळ यातून येते.

६. टॉवेल पिळणे. छोटा टॉवेल ओला करून दोन्ही हातांनी पिळा, मग हातांची दिशा उलटी करून पिळा. पाच-पाच वेळा पुरे. ज्यांच्या अंगठ्याचे मूळ दुखते त्यांनी हा व्यायाम करू नये. चिमटीने काही धरताना अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर चिमटीच्या कित्येक पट भार पडतो, आणि झिजलेला सांधा तो सहन करीत नाही.

७. बोटांचे कसब. अंगठा क्रमाने तर्जनी, मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांना टेकवा. प्रत्येक वेळी गोल वर्तुळ दिसले पाहिजे. नंतर ताटात मूठभर तांदूळ आणि मसूर मिसळून एक-एक दाणा निवडा, किंवा कपडे वाळत घालण्याचे चिमटे वाटीच्या कडेला लावा आणि काढा. पाच मिनिटे पुरेत.

८. दोन पिशव्या. ज्यांचा चालण्यातील तोल चांगला आहे त्यांनीच हा व्यायाम करावा. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या, आरंभी एकेक किलोच्या, घेऊन घरात तीस पावले चालावे. खांदे मागे, मनगट सरळ. बाजारातून येताना सर्व भाजी एका हातात न घेता दोन्ही हातांत विभागली, तर बाजारहाट हाच व्यायाम होतो.

किती, केव्हा आणि कुठवर?

दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे आणि आठवा हे जोराचे व्यायाम आहेत. ते रविवार, मंगळवार आणि गुरुवार असे आठवड्यातून तीन दिवस करा. मधल्या दिवशी फक्त पाच मुद्रा आणि बोटांचे कसब. शब्बाथला पूर्ण विश्रांती. स्नायू व्यायामाच्या वेळी वाढत नाही. व्यायामाने त्याला जी झीज पोहोचते ती विश्रांतीत भरून निघताना तो वाढतो. विश्रांतीचा दिवस ठरलेला असणे हे आपल्याला काही नवे नाही.

व्यायाम संपल्यावर हात दमल्यासारखा वाटावा, पण दुखून हैराण होऊ नये. थोडी ठसठस दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरली तर ती स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवशीही वेदना टिकली, सांधा सुजला किंवा कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ दुखू लागले, तर भार निम्मा करा. कोपराची ती वेदना बहुधा उघडणाऱ्या बाजूच्या स्नायूंवर ताण पडल्याची असते. मूठ आवळताना मनगट स्थिर ठेवण्याचे कामही त्यांनाच करावे लागते, म्हणून नुसती किटली उचलली तरी तेथे कळ येते.

एखादा व्यायाम सलग दोन वेळा बारापर्यंत सहज झाला, तरच भार वाढवा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत पकड सुधारल्यासारखी वाटेल, पण हात जाड दिसणार नाही. याचे कारण, आरंभीची सुधारणा मुख्यतः नसांची असते. मेंदू असलेल्या स्नायूंना अधिक चांगल्या रीतीने कामाला लावू लागतो. स्नायू प्रत्यक्ष बळावण्यास दीड-दोन महिने लागतात आणि कंडरा त्याहूनही मंद गतीने सबळ होतात. म्हणून घाई करणाऱ्याचा हात दुखतो आणि कंटाळणाऱ्याचा हात जसाच्या तसा राहतो.

व्यायामाला अन्नाचीही साथ हवी. वृद्धापकाळी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७५ ग्रॅम. केवळ चहा-पाव, वरणाचे पाणी आणि भात यांतून ती मिळत नाहीत. मासे, अंडी, घट्ट वरण, उसळी, दही यांतले काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

हात मोडल्यानंतर

पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. आयर्लंडमधील शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या अस्थिभंगाचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वयस्क स्त्रियांत तो विशेष आढळतो. रुग्णालयातील इतक्या वर्षांच्या सेवेत मी एक गोष्ट पुनःपुन्हा पाहिली. हाड व्यवस्थित जुळते, पण हात परत येत नाही, कारण प्लास्टर असताना रुग्ण बोटेही हलवीत नाही आणि कोपर व खांदाही आखडून घेतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर प्लास्टरबाहेरची बोटे दर तासाला हलवावीत, हात हृदयाच्या उंचीवर ठेवावा, खांदा दिवसातून काही वेळा वर-खाली करावा. बोटे निळसर पडली, फार सुजली किंवा बधिर झाली तर लगेच दाखवावे. प्लास्टर निघाल्यावर कुपत खोलीममधील फिजिओथेरपी किंवा व्यवसायोपचाराची पत्रे कपाटात ठेवून देऊ नका. सांधा मोकळा करण्याचा खरा काळ तोच असतो.

मुलांना आणि सुनांना चार शब्द

मागच्या बाकांवरील मंडळींनो, आता तुमच्याशी बोलते. आई परातीत कणीक मळू लागली की तुम्ही प्रेमाने म्हणता, ‘राहू द्या, मी करते.’ बाबा बाटली उघडू लागले की तुम्ही ती हातातून घेता. हेतू चांगला असतो, पण दररोज दहा वेळा असे घडले की दहा व्यायाम हिरावले जातात. शिवाय ‘आता तुमच्याने होत नाही’ असा निरोपही मिळतो, आणि हळूहळू तो खरा ठरतो. त्यांना वेळ लागू द्या. कणीक थोडी सैल भिजवून द्या. बरणीचे झाकण अर्धे सैल करून ठेवा आणि उरलेले त्यांना उघडू द्या. घरात सांभाळायला बाई ठेवली असेल तर तिलाही सांगा की बटणे लावून देण्याआधी दोन मिनिटे थांबावे.

जेथे बळ खरोखरच अपुरे आहे तेथे युक्ती वापरण्यात कमीपणा नाही. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला तर पकड सोपी होते. झाकणावर रबरी कापड ठेवले तर ते निसटत नाही. किद्दुशचा प्याला द्राक्षांच्या शरबताने काठोकाठ भरलेला असतो. तो दोन्ही हातांनी उचलावा.

सेफेर तोरा उचलताना तर युक्ती अवश्य पाळावी. ती हात लांब करून बोटांच्या जोरावर धरू नये. अंगाला अगदी जवळ घ्यावी, खांद्याला टेकवावी आणि दोन्ही अग्रबाहूंनी कवेत धरावी. भार जितका देहाच्या जवळ, तितका तो बोटांकडून खांद्याकडे आणि पाठीकडे जातो. शेजारी एक तरुण हात न लावता चालत असावा. मुकादमांना माझी विनंती आहे की ज्येष्ठांना हा मान देताना अशी व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी, म्हणजे कोणाला नाही म्हणण्याची वेळ येणार नाही.

आज सभागृहाच्या दाराशी रबराचे बँड आणि मऊ स्पंज ठेवले आहेत. जाताना प्रत्येकाने एकेक न्यावा. रविवारी आरंभ करा. बाटलीवर मार्करने पाण्याची रेघ मारा आणि तिच्याशेजारी तारीख लिहा. दोन महिन्यांनी ती रेघ किती वर सरकली, ते आपण याच ठिकाणी एकमेकांना दाखवू. आपल्या हातांना आरोग्य आणि आपल्या घरांना बरकत लाभो. शालोम.